शेवटच्या माणसाच्या मागे

फॉर्ममध्ये माझा मोबाइल नंबर टाकला आणि त्याखाली दोन नावं आली. वर माझं, खाली तिचं. मी अकरा मजल्यांच्या एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये उलट्या बादलीवर बसलो होतो. डबा खाऊन झाला होता. लिफ्ट बंद ठेवायला मला एक वाजेपर्यंतची परवानगी होती आणि अजून दहा मिनिटं बाकी होती. तेवढ्यात काय करायचं म्हणून मी सायकल ग्रुपवरचा मेसेज उघडला होता. नोंदणी करायची असं ठरवलं नव्हतं. नुसतं बघायचं होतं. यंदा तीन राइड होत्या, शंभर किलोमीटर, दीडशे आणि दोनशे. नोंदणी रविवारी संध्याकाळी बंद. आमच्या ग्रुपचा कारभार एक दातांचे डॉक्टर बघतात, मेसेज त्यांचाच होता आणि नेहमीसारखा शेवटी एक दात हसत होता. नंबर टाकला की जुन्या नोंदी आपोआप समोर येतात, त्याप्रमाणे आल्या. पाच वर्षं आम्ही दोघं दीडशेची राइड करत होतो आणि दोघांची नोंदणी माझ्याच नंबरवर होती. तिचं नाव कुणी काढलेलं नव्हतं. काढणार कोण? ते काम माझंच होतं. त्याखाली एक नवीन चौकट होती, तिला लाल चांदणी होती, म्हणजे ती भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. ‘जोडीदाराचे नाव. जोडीदाराला सोडून पुढे गेल्यास दोघांचीही राइड बाद धरली जाईल.’ हा नियम आधी नव्हता. आणि मी काही लिहायच्या आत फोननंच मला विचारलं, यांना जोडीदार म्हणून निवडायचं का? आणि तिचं नाव दाखवलं. खाली हो आणि नाही.

मी दोन्ही दाबलं नाही. फोन खिशात घातला, वेळेच्या आधीच लिफ्ट चालू केली आणि तिच्यातूनच खाली आलो. खाली एक बाई पिशव्या घेऊन थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, “झाली का नीट? आजच बिघडली बघा, सकाळपर्यंत काही नव्हतं.” मी हो म्हटलं. आमच्या कामात पहिला प्रश्न असतो, कधीपासून? आणि उत्तर कायम तेच असतं, आजच. लिफ्ट कधीच आज बिघडत नाही. ती सहा महिने सांगत असते. दार मिटायला अर्धा सेकंद जास्त घेते, चौथ्या मजल्यावर थांबताना दोन बोटं खाली थांबते. लोक रोज तिच्यातून जातात म्हणून त्यांना कळत नाही. मी बाहेरून येतो म्हणून मला कळतं. पंचवीस वर्षांत मी कुणाच्या ‘आजच’वर विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर मी परत त्या जुन्या नोंदी उघडल्या आणि तिच्या नावापुढचे आकडे वाचले. पहिलं वर्ष, नऊ तास दहा मिनिटं. दुसरं, नऊ पस्तीस. तिसरं, दहा वीस. चौथं, अकरा दहा. पाचवं म्हणजे गेल्या वर्षीचं, बारा तास पाच मिनिटं. रस्ता तोच, चढ तेच, सायकल तीच.

हे आकडे मी कधी बघितले नव्हते असं नाही. बघितले होते, पण त्याला कारण होतं आणि ते सगळ्यांना माहीत होतं. ती शेपूट होती. आमच्याकडे प्रत्येक राइडला एक माणूस सगळ्यांच्या मागे राहतो. शेवटचा जो कुणी असेल त्याच्या मागे, हाकेच्या अंतरावर. कुणी पंक्चर झाला, कुणाला चक्कर आली, तर मागे कुणीतरी आहे एवढं त्याला माहीत असावं म्हणून. त्याला आम्ही शेपूट म्हणतो. तिसऱ्या वर्षी आधीचं शेपूट गाव सोडून गेलं आणि डॉक्टरांनी विचारलं, कोण होतं आता? कुणी बोलेना. मागे राहायला कुणाला हवं असतं? मग तिनं हात वर केला. मला बरं वाटलं आणि थोडं ओशाळायलाही झालं, म्हणजे आपली बायको शाळेत उगाच हात वर करणाऱ्या मुलीसारखी वाटली. मी मात्र पुढच्या गटात. सकाळी पाच वाजता आम्ही एकत्र निघायचो, पहिल्या चौकापर्यंत शेजारी शेजारी असायचो, मग मी तिला “चल” म्हणायचो आणि ती “या” म्हणायची, आणि त्यानंतर तिची माझी गाठ शेवटच्या ठिकाणी. पाच वर्षं आम्ही बरोबर सायकल चालवतो असं मी लोकांना सांगत आलो. हिशेब केला तर आम्ही दर वर्षी साधारण दीड किलोमीटर बरोबर होतो.

पण शेपटाची वेळ शेवटच्या माणसाची वेळ असते. तो हळू, तर शेपूट हळू. म्हणजे त्या आकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि उठून पाणी प्यायलो. फिल्टरच्या तळाशी पाणी कमी होतं. ते भरायचं राहून जातं. परत येऊन बसलो आणि गेल्या वर्षीची सगळी यादी उघडली. एकोणतीस माणसं होती. मी चौथा, सहा तास वीस मिनिटं. अंगठ्यानं खाली खाली गेलो. सत्ताविसावा एक कॉलेजचा प्राध्यापक, दहा पन्नास. अठ्ठाविसावे टपालकाका, अकरा पंधरा. एकोणतिसावी ती. बारा पाच.

मी ते दोन आकडे बराच वेळ बघत राहिलो. शेवटचा माणूस येऊन पन्नास मिनिटं झाल्यावर शेपूट आलं होतं. मग ती पन्नास मिनिटं ती कुणाच्या मागे होती?

त्या दिवसाचं मला बरंच आठवतं, कारण माझी ती सगळ्यात चांगली वेळ होती. सव्वाअकराच्या सुमारास पोचलो. तिथं एका बंद शाळेच्या आवारात आमचा शेवटचा थांबा होता, झाडं होती, हातपंप होता. अंघोळ केली. जेवलो. सतरंजीवर झोपलो, उठलो, परत झोपलो. मग लोक येत राहिले, प्रत्येकाला टाळ्या. परतीचा टेम्पो पाचला निघायचा होता आणि पाच वाजायला आले तरी ती दिसेना. डॉक्टर फलक गुंडाळत होते. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मला राग आला होता, हे खरं आहे, लपवण्यात अर्थ नाही. सगळे आपल्यासाठी खोळंबलेत असं वाटत होतं. ती फाटकातून आत आली तेव्हा मी सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणालो, “आलीस का? आम्हाला वाटलं, परस्पर माहेरी गेलीस.” सगळे हसले. तीही हसली. सायकलवरून न उतरताच हँडलवर डोकं टेकवून हसत होती, खांदे हलत होते. मला ते हसणं वाटलं.

सात महिने झाले तिला जाऊन. राइडनंतर चार महिन्यांनी. हृदयाचं दुखणं निघालं, स्नायूच थकत गेला होता म्हणाले. हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, दम कधीपासून लागतोय? प्रश्न तिला होता. मी उत्तर दिलं. “आत्ताच, महिनाभर झाला असेल.” अगदी ठामपणे सांगितलं. ती कॉटवर बसली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते. तिनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं, एक महिना. आपल्या माणसाला खोटं पाडायचं नाही म्हणून ती गप्प बसली, की तिलाही महिनाच वाटत होता? मला तेव्हापासून फक्त तिचं ते बघणं आठवत होतं, त्यात काय होतं ते कळत नव्हतं. राग नव्हता. राग मला ओळखता येतो.

शनिवारी सकाळी मेव्हणीचा फोन आला. दर शनिवारी येतो. “भाऊजी, जेवलात का?” सकाळी नऊ वाजता हे विचारते. मी म्हटलं, हो. “खोटं बोलताना तुमचा आवाज चढतो,” ती म्हणाली. “ताई म्हणायचीच, यांना खोटंसुद्धा हळू बोलता येत नाही.” मग तिनं मुलांचं सांगितलं, नवऱ्याच्या गुडघ्याचं सांगितलं. मी मध्येच विचारलं, “तिला दम लागायचा हे तुला माहीत होतं?” ती म्हणाली, “सांगितलं नव्हतं कधी. पण मी फोन केला आणि ती जिन्यात असली की कळायचं. दुसऱ्या मजल्यावर आली की म्हणायची, थांब गं, जरा शेजारच्यांशी बोलते. आणि फोनमध्ये शेजारचं कुणीच बोलायचं नाही.” आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. दुसऱ्या मजल्यावर थांबून गप्पा मारायची तिची सवय मलाही माहीत होती. मी वर जाऊन कुलूप काढायचो, दिवा लावायचो, चपला जागेवर ठेवायचो, तरी ती आलेली नसायची. मी वरून ओरडायचो, “पुरे करा पंचायत!” खाली गप्पा चालल्यात की नाहीत हे मी कधी कठड्यावरून वाकून बघितलं नाही. “भाऊजी? आहात ना?” मेव्हणी म्हणाली. “ताईची सायकल नुसती पडून गंजेल. माझ्या मुलीला द्याल का?” मी म्हटलं, बघतो. “आवाज चढला,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी कामावरून लवकर आलो आणि उरलेला दिवस, त्या हो-नाहीला हात न लावता, जोडीदाराच्या चौकटीत नावं लिहून खोडली. पुढच्या गटातल्या एकाचं लिहिलं. तो माझ्याइतकाच पळतो, आम्ही एकमेकांना सोडणार नाही, कारण आम्ही एकमेकांशी स्पर्धा करतो. खोडलं. दातांच्या डॉक्टरांचं लिहिलं, खोडलं. एकदा सगळा फॉर्मच बंद केला आणि वाटलं, झालं, सुटलो. मग लक्षात आलं की नोंदणी केली नाही, तर रविवारी संध्याकाळनंतर मी त्या ग्रुपमध्ये नसणार. आणि तिला सायकलवर बघितलेली माणसं जगात तेवढीच आहेत. ती पन्नास मिनिटं कुठं गेली हे सांगू शकणारा त्यांच्यात एकच होता.

टपालकाकांना मी पाच वर्षं ओळखतो, म्हणजे हात दाखवण्यापुरतं ओळखतो. पस्तीस वर्षं त्यांनी सायकलवरून पत्रं वाटली आणि निवृत्त झाल्यावर त्याच सायकलवरून आमच्यात आले. तिला गिअर नाहीत, घंटी आहे. रविवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते अंगणात चाकात हवा भरत होते. “अरे, लिफ्टवाले! पत्ता बरोबर सापडला?” म्हणाले. “या, पंप धरा, म्हातारपणी हवा भरायची म्हणजे आपली काढून टायरला द्यायची.” मी पंप घेतला. हवा भरता भरताच विचारलं, कारण हाताला काम असलं की मला बोलता येतं. गेल्या वर्षी तुम्ही अकरा तास पंधरा मिनिटांत आलात आणि ती बारा तास पाच मिनिटांत. असं कसं?

त्यांनी खिशातून रुमाल काढून हँडल पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं. “पाण्याच्या टाकीजवळचा चढ माहिताय ना?” ते म्हणाले. “तिथं त्या उतरून चालायला लागल्या. मी थांबलो. मला म्हणाल्या, काका, निघा तुम्ही, माझ्यासाठी थांबलात तर टेम्पो तुम्हालाही टाकून जाईल. मी म्हटलं, शेपटाला सोडून जनावर जातं का कुठं? हसल्या. पण बसल्या रस्त्याच्या कडेला. ओठ असे...” त्यांनी स्वतःच्या ओठांना बोट लावलं. “निळसर. मी म्हटलं, तुमच्या यजमानांना फोन लावतो. तर त्यांनी मला स्वतःचा फोन दाखवला. तुमचा मेसेज होता. सहा तास वीस मिनिटं, आणि पुढं तीन उद्गारचिन्हं.”

मी पंप मारत होतो.

“म्हणाल्या, इतकी वर्षं त्यांना साडेसहा तासांच्या आत यायचं होतं, आज आलेत. आता हे सांगितलं तर उलटे फिरून येतील. बोलू नका. मी नाही बोललो. हवा पुरे, फुटेल ती.”

मी थांबलो. “तुम्ही तिला तिथं ठेवून गेलात,” मी म्हटलं.

“गेलो,” ते म्हणाले. “वळणावरून एकदा बघितलं, उठून चालायला लागल्या होत्या. तेवढं बघून गेलो. तुम्ही आज विचारलंत, मी रोज विचारतो. तुमच्या घरी आलो होतो ना मी, त्या दिवशी. तिथं सांगणार होतो. पण तिथं बोलायची ती वेळ नव्हती, आणि मग वेळ गेली. शेवटी आपल्या ग्रुपच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी तो जोडीचा नियम काढला.”

मला त्यांच्यावर चिडायचं होतं. मी त्यासाठीच आलो होतो, हे तिथं उभा राहिल्यावर कळलं. पण माझ्या डोक्यात वेगळाच प्रश्न येऊन बसला आणि तो हलेना. उलटे येतील, असं ती म्हणाली. मी आलो असतो का? काकांनी फोन केला असता, सांगितलं असतं, जरा थकल्यात, बसल्यात. मी काय म्हटलं असतं? मी म्हटलं असतं, येऊ दे की हळूहळू, तिचं कामच ते आहे. सतरंजीवर पडल्या पडल्या म्हटलं असतं. हे मला इतकं स्पष्ट ऐकू आलं की मी इकडंतिकडं बघितलं. तिला वाटत होतं मी येईन. निदान काकांना तिनं तसं सांगितलं. नवरा यायचा नाही हे परक्या माणसाला कशाला सांगायचं, म्हणूनही असेल.

“माझे जोडीदार व्हाल?” मी विचारलं.

काकांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग हसू लागले. “तुम्ही? लिफ्टवाले, तुम्हाला जोडीदार नाही लागत, प्रेक्षक लागतात. मी ताशी तेरानं जातो. कुत्रं मागं लागलं तर चौदा.”

“मी मागे राहीन.”

“राहाल, पहिल्या चौकापर्यंत.” हे ते सहज बोलले. त्यांना काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. माझा चेहरा बघून ते जरा वरमले आणि म्हणाले, “चला, आत्ता एक चक्कर मारू. दहा मैल. टिकलात तर बघू.”

आम्ही निघालो. मी त्यांच्या मागे. इतकं हळू सायकल चालवणं फार अवघड असतं, हे मला माहीत नव्हतं. पायाला काम नाही, तोल सांभाळायचा, दर दहा हातांवर ब्रेक. काकांची मान, शर्टाची कॉलर, कॉलरच्या आतून बाहेर आलेला शिलाईचा धागा, एवढंच समोर. रस्त्यात टपालपेटी दिसली की त्यांचा वेग आपोआप कमी होतो, पस्तीस वर्षांची सवय. ओळखीचं कुणी दिसलं की घंटी. एका कुत्र्याला त्यांनी नावानं हाक मारली. मला वैताग येत होता. आपण कुणाच्या तरी मागे चाललोय आणि तेही इतकं सावकाश, याचा अंगाला काटे टोचावेत तसा वैताग. मला वाटलं होतं, आता इतकं सगळं कळल्यावर हा वैताग येणार नाही. तो आला. तसाच, शाळेच्या फाटकापाशी आला होता तसाच. माणूस रडून रडून बदलतो असं म्हणतात. मी सात महिन्यांत बदललो नव्हतो, फक्त माझ्यासमोरून ज्याच्यावर वैतागायचं ते माणूस गेलं होतं. आणि ती मात्र तीन वर्षं कुणाकुणाच्या माना, कॉलरी बघत, ब्रेक दाबत माझ्याकडे येत राहिली. तिलाही वैताग येत असेल का? एकदाही बोलली नाही. मी एकदाही विचारलं नाही, तिथं मागे काय दिसतं?

उड्डाणपुलाच्या चढावर काका अर्ध्यातच उतरले. सायकल कठड्याला लावली आणि वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. बाजूनं गाड्या जात होत्या, पुलाला हलका कंप येत होता. वर चढ संपायला शंभर पावलं असतील. माझे पाय फिरायला बघत होते. मला सांगता येणार नाही इतकं पुढे जावंसं वाटत होतं. त्या माणसाला सोडून नव्हे, नुसतं पुढे, चढ संपवून, वर जाऊन मग थांबावं. त्यात काय बिघडणार होतं? काहीच नाही. मी पाय टेकले. उतरलो. सायकल त्यांच्या सायकलीमागे उभी केली आणि त्यांच्या श्वासाकडे कान दिला. आत घेताना शिट्टी, बाहेर सोडताना साधा. पन्नासपर्यंत शिट्टी होती, मग कमी झाली. मी मोजत होतो. दुसरं काही मला येत नाही.

“कधीपासून?” मी विचारलं.

“काय?”

“हा दम.”

ते मान वर न करता म्हणाले, “आजच...” आणि माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “दोन वर्षं झाली. घरी सांगितलेलं नाही. गोळी चालू आहे, डॉक्टरला दाखवून आलोय, सायकल बंद कर म्हणाला नाही. हळू चालव म्हणाला. त्याला म्हटलं, याहून हळू म्हणजे मग उभीच करावी लागेल.”

“पुढच्या वेळी दाखवायला जाल तेव्हा मी येतो.”

“या की. कंटाळाल. तिथं फार बसवतात.”

“कंटाळेन,” मी म्हटलं.

ते सरळ उभे राहिले, रुमालानं मान पुसली आणि हात पुढे केला. “कुठाय तो तुमचा फॉर्म? आणा.” मी फोन दिला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरला. फोननं त्यांनाही तेच विचारलं असणार, कारण ते थांबले, माझ्याकडे बघितलं, फोन परत माझ्या हातात दिला आणि कठड्यावरून खाली रस्ता बघत राहिले. तिच्या नावापुढं हो आणि नाही तसंच होतं. मी नाही दाबलं. पुलावर उभं राहून, भर उजेडात, एका बोटानं. काही झालं नाही, नाव गेलं आणि चौकट रिकामी झाली. त्यात काकांचं नाव लिहिलं. त्यांनी सांगितलं तसं, पूर्ण, आडनावासकट. मग राइड निवडायची होती. माझा अंगठा शंभरवर होता.

“दोनशे लिहा,” काका म्हणाले.

“काका, तुमच्या वेगानं पंधरा तास लागतील. वर थांबणं वेगळं.”

“दीडशेचा रस्ता नको, तिथं आपण दोघंही बोलणार नाही. शंभरात तुम्हाला झोप येईल.” त्यांनी सायकल कठड्यापासून ओढली आणि चढ चालत चढायला लागले. “वेळ आहे ना तुमच्याकडं?”

मी दोनशे दाबलं, फोन खिशात घातला आणि सायकल हातात धरून त्यांच्या मागे चालायला लागलो. “वेळच आहे,” मी म्हटलं.